एव्हिस ट्रँटर आणि बंद पडदा

समुद्रावर हवा खायला येणारे लोक आमच्या गॉर्सफील्डला म्हाताऱ्यांची वसाहत म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्याकडे एकेचाळीस बैठी घरं आहेत आणि एव्हिस ट्रँटर आहे. त्यांच्याकडे कोण आहे?

एव्हिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती, त्यामुळे आवाज खणखणीत. नवरा गेल्यापासून रोज सकाळी साडेसातला ती कुत्रा घेऊन निघते आणि घराघराचे पडदे बघत जाते. पडदा उघडा, म्हणजे माणूस उठला. बंद दिसला की दार वाजवते. हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही.

रूपर्ट लँगलीला मात्र ते खपत नसे. बोटीवरचा निवृत्त इंजिनिअर, एकटाच राहणारा, महा खडूस. रहिवाशांच्या सभेत त्यानं सगळ्यांदेखत तिला सुनावलं, की नसत्या उठाठेवी बंद करा. एव्हिसचा चेहरा लालबुंद झाला. पुन्हा तुमच्या खिडकीकडे बघणार नाही, असा शब्द तिनं तिथंच दिला. तेव्हापासून त्याच्या घराशी आली की ती रस्ता ओलांडून समोर, माझ्या घराच्या बाजूच्या फुटपाथवर येई आणि खाली मान घालून पुढं जाई. मला त्या लँगलीचा भयंकर राग आला होता.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी, हिवाळ्यासाठी दरवर्षी करतात तशी, देशभरची घड्याळं एक तास मागं गेली. त्या दिवशी झोपेला एक तास जास्तीचा मिळतो, म्हणून सगळं गॉर्सफील्ड लोळत पडतं. साडेसातला एव्हिसनं माझी बेल वाजवली. समोर लँगलीचा पडदा उघडा आहे का, ते मी बघून सांगावं म्हणे. आज सगळ्यांचेच बंद आहेत, असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

"घड्याळ मागं गेलंय, त्याची झोप नाही. चाळीस वर्षं बोटीवर सहाला उठलेला माणूस तो. आज पाचलाच जागा हवा. आणि आज तिकडे लक्ष द्यायला दुसरं कुणी उठलेलंही नाही. तू बघतोस, की मी शब्द मोडू?"

मी बघितलं. पडदा बंद होता. हाका मारल्या, दार ठोठावलं, शेवटी फावड्यानं मागची काच फोडून मी आत शिरलो. लँगली न्हाणीघरात पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, अंग गार पडलेलं, पण श्वास चालू होता. आणखी दोन तास गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य भेटेल त्याला ऐकवलं.

नाताळाच्या आधी लँगली घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एव्हिस नेहमीसारखी माझ्या बाजूनं, मान खाली घालून चालली होती. तो काठी टेकत, ड्रेसिंग गाउनवरच फाटकापर्यंत आला.

"मिसेस ट्रँटर, जरा वर बघा."

"शब्द दिलाय मी."

"मीच द्यायला लावला होता. आता मीच सोडवतो तुम्हाला त्यातून. रोज बघत जा."

एव्हिस रस्ता ओलांडून त्याच्या फाटकाशी गेली आणि तिनं खिडकी चांगली निरखून बघितली.

"पडदे धुवायला झालेत," ती म्हणाली, आणि पुढच्या घराकडे वळली.