चिलीम भरायचा मान

“ऊठ गं. माणसांना बसू दे.”

औरंगपुऱ्यातल्या डोक्याच्या दवाखान्यात अण्णा मला असं म्हणाले. मी बाकावर बसले होते, शेजारी माझा धाकटा भाऊ महादू. अण्णा म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार. त्यांच्यामागे त्यांचा पोरगा विक्रम उभा होता, टोपी पार डोळ्यांवर ओढून.

आणि मी उठले. विचार करून नाही. अण्णा दिसले की उठायचं, हे अंगातच मुरलेलं. महादूलाही दंडाला धरून उठवलं. तो भिंतीला टेकून पुटपुटायला लागला. सगळा दवाखाना आमच्याकडे बघत होता.

अण्णा बसता बसता कंपाउंडरला मोठ्यानं म्हणाले, “गंजेडी हाये त्यो. त्याच्याच नादानं आमचं पोरगं बिघडलं.”

कंपाउंडर मला म्हणाला, “बाई, इसको लेके जरा बाहर खडे रहो ना. नंबर आया तो बुलाता.”

आमचा नंबर आधीचा होता. तरी आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो. मला लाज वाटत होती. कशाची, ते तेव्हा कळत नव्हतं. मला वाटत होतं, अण्णा खरंच बोलले. माझा भाऊ गंजेडीच आहे.

आता कुणाच्या नादानं कोण बिघडलं, ते सांगते.

आम्ही मेंढरंवाले. गाव दौलताबादच्या किल्ल्याखाली. गावच्या महादेवाच्या देवळामागं पारावर बड्या घरची माणसं बसतात, गांजा ओढतात. सणाला सगळेच, एरवी ठरलेले चार-पाच जण. गांजा त्यांचा. विस्तव त्यांचा. चिलीम भरायची आणि पहिला दम मारून पेटती करून द्यायची, ते काम मात्र आमच्या घरचं. आज्यापासून. त्याला काम म्हणत नाहीत, मान म्हणतात. चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं लावतात, त्याला साफी म्हणतात. आमच्या माणसानं दम मारला की आमची साफी काढायची, त्यांची लावायची, मग चिलीम त्यांच्या हातात. आमचं तोंड लागलेलं फडकं त्यांना चालत नाही. असला मान.

बाप गेल्यावर हा मान महादूकडे आला. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. मायनं त्याला नवं धोतर नेसवून पाठवलं. बसणारे आळीपाळीनं ओढायचे. महादूची पाळी मात्र प्रत्येक चिलमीला. म्हणजे सगळ्यांत जास्त धूर त्याच्याच छातीत. विक्रम त्याच्याच वयाचा. तोही तिथंच शिकला. पुढं पुढं गांजाची पुडी मोटारसायकलवरून तोच आणायचा.

मग महादू बदलला. आधी झोप उडाली. मग मेंढरं घेऊन गेला की ती कुठंही सोडून झाडाखाली एकटाच बोलत बसायचा. कुणाशी बोलतोस विचारलं तर म्हणायचा, “तुला आयकू येत नाय का?” आम्हाला वाटलं, बिरोबा अंगात आला. आमच्यात असंच वाटणार. मायनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. भावकी पाया पडायला आली. कुणी विचारी, मेंढी हरवलीय, कुठं आहे? कुणी विचारी, पोरगी नांदेल का? तो काहीबाही बोलायचा, लोक त्याचा अर्थ लावायचे. आणि देवाला लागतो म्हणून जो तो येताना गांजा आणायचा! ज्यानं डोकं बिघडलं तेच आम्ही नैवेद्य म्हणून त्याला देत होतो. असे महिने गेले. एक दिवस त्यानं मायच्या हातची भाकरी फेकून दिली. म्हणाला, “हिनं इख घातलंय.” देव मायला असं बोलणार नाही, एवढं मला कळलं.

मी औरंगपुऱ्यातच एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करते. दुकानाच्या मालकीणबाईंनी या दवाखान्याचा पत्ता दिला. म्हणून त्या दिवशी आम्ही तिथं होतो, जिन्यात.

अण्णा आणि विक्रम गेल्यावर आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई महादूशी लई वेळ बोलल्या. त्याला अहो-जाहो केलं. मग मला म्हणाल्या, “हा देव नाही आणि वेडही नाही. हा आजार आहे. गांजा सगळ्यांनाच असा बाधतो असं नाही, पण काहींच्या मेंदूला तो सोसत नाही. कोवळ्या वयात सुरू झाला तर धोका जास्त. गोळ्या चालू ठेवा. आणि पुन्हा एकही दम नको. एकसुद्धा.”

खाली औषधाच्या दुकानात गर्दी होती, अण्णा अजून रांगेत माझ्या पुढंच उभे. दुकानदार त्यांना गोळ्या समजावून सांगत होता. मग माझी चिठ्ठी घेतली आणि म्हणाला, “तुमचं पण सेमच आहे.” त्याच डब्यातून तीच पट्टी काढून त्यानं माझ्यासमोर ठेवली. मला वाचता येतं. अण्णांच्या हातातलं नाव वाचलं, माझ्या हातातलं वाचलं. एकच. अण्णा माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी तिथंच उभी राहिले. गोळी एक, रोग एक, रोगाचं कारण एक. मग बाकावरून उठायचं ते आम्हीच का?

गावाच्या लेखी विक्रम आजारी होता. अभ्यासाचं टेन्शन घेतलं म्हणे. पाहुणे फळं घेऊन त्याला भेटायला येत होते. महादू गंजेडी होता. त्याची ठरलेली सोयरीक मोडली. पिठाच्या गिरणीवर बाया मायकडं पाठ करून उभ्या राहायच्या. पोरं त्याच्यामागं “बम बम” ओरडत पळायची. तो गोळ्या घेत होता. हळूहळू झोपायला लागला, जेवायला लागला. एकदा तर मेंढी व्याली तेव्हा हसला.

मग महाशिवरात्र आली. दुपारी अण्णा स्वतः आमच्या दारात आले.

“महादूला पाठव. मान तुमच्या घरचा हाये.”

महादू उठला. भिंतीतल्या देवळीत चिलीम होती, तिकडं त्याचा हात गेला. “अक्का,” तो मला म्हणाला, “मान हाये.” त्याच्या डोळ्यांत बोलावल्याचा आनंद होता. एवढ्या लोकांनी टाकलेल्या माणसाला कुणीतरी बोलावलं होतं. मला रडूच आलं. आणि त्याच्याहून जास्त संताप आला.

मी त्याच्या आधी चिलीम उचलली. साफीही घेतली. अण्णांना म्हणाले, “चला. मी येते.”

पारावर सगळे बसलेले. बाईमाणूस तिथं कधी गेलं नव्हतं. मी विचारलं, “इक्रमभाऊ न्हाई आले बसायला?”

“त्याला डॉक्टरनं मना केलंय,” अण्णा म्हणाले. किती सहज म्हणाले!

“महादूला बी त्याच डॉक्टरनं मना केलंय, अण्णा.”

मी चिलीम त्यांच्यासमोर ठेवली. साफी तिच्यावर ठेवली.

“भरा तुमच्या हातानं. पेटवा तुमच्या तोंडानं. आमच्या घरचं आता कुणी येणार नाय.”

अण्णा उठले. “उद्यापासून माझ्या शिवारात तुमची एक मेंढी दिसली तर बघ.”

“बघा,” मी म्हणाले आणि घरी आले.

शिवार बंद झालं. अण्णांच्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांना खत मिळायचं, आम्हाला दाणे मिळायचे. ते गेलं. माय आता मेंढरं घेऊन सोयगावच्या डोंगराकडं जाते. निम्मी विकावी लागली. महादू पूर्ण बरा नाही. अजून कधी कधी भाकरीचा तुकडा आधी मला खायला लावतो, मगच स्वतः खातो. होईल का बरा, ते डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगत नाहीत. पण त्यानं पुन्हा दम मारलेला नाही.

परवा दवाखान्यात गेलो होतो. बाक भरलेलं. अण्णा आले, विक्रम मागं. विक्रमची टोपी अजून डोळ्यांवरच ओढलेली. मला त्याचीही कणव आली, खोटं कशाला बोलू. पण अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, माझ्या उठण्याची वाट बघत.

महादू उठायला लागला. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि दाबून धरला.

कंपाउंडर म्हणाला, “बाई, जरा…”

“आमचा नंबर हाये,” मी म्हणाले. “हितं माणसंच बसलीत.”

अण्णा उभे राहिले. आमचा नंबर येईपर्यंत उभेच राहिले. आमच्या घरचं कुणी आता त्यांच्यासाठी उठणार नाही. बाकावरूनही नाही, आणि चिलमीसाठीही नाही.