काठाला कुदळीचा टवका

ती घटना मला आठवते असे मी म्हणणार नाही. आठवायला आधी विसरावी लागते.

गेल्या हिवाळ्यात मुलीने आम्हा दोघांना एका मोठ्या मानववंशशास्त्र संग्रहालयात नेले. तिथे प्राचीन मातीच्या भांड्यांचे लांबलचक दालन आहे. एकेक घडा पाहत मी निवांत चाललो होतो आणि एका काचेपाशी पाय थांबले. आत एक घडा होता, बाहेरून तांबडा, आतून काळाकुट्ट, काठाला बोटभर टवका उडालेला. पाटीवर लिहिले होते, ‘लातूर जिल्हा. शोध व देणगी’, आणि पुढे एका सरांचे नाव. मी एवढ्या मोठ्याने शिवी हासडली की पहारेकरी धावत आला. सौ. म्हणाली, "अहो, हे तुमचं ठाणं नाही."

तो टवका मी ओळखत होतो.

भूकंपाला काही वर्षे झाली होती. मी निलंग्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. एका पुनर्वसित गावाबाहेर माती खणताना तिथल्या म्हाताऱ्या कुंभाराला सात घडे सापडले. आत राख आणि हाडांचे तुकडे होते. दुसरा कोणी असता तर गुपचूप घरी नेले असते. हा गडी ग्रामसेवकाला बोलवायला पळत गेला. पंचनाम्यात एका घड्यापुढे नोंद झाली, ‘काठाला कुदळीचा टवका’. तज्ज्ञ येईपर्यंत घडे शाळेच्या पत्र्याच्या खोलीत कुलूपबंद ठेवले.

पंधरवड्याने खोली उघडली तर घडे गायब. कुलूप शाबूत होते. त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने कानाला लागून सांगितले, "साहेब, कुंभाराच्या घरी बघा. तसलीच मडकी हायेत, कडब्याखाली झाकलेली."

छापा घातला. तसेच तीन घडे निघाले, आतून काळे, बाहेरून तांबडे. भर दुपारी, सगळ्या गावादेखत, मी त्याला जीपमध्ये घातले.

"म्या न्हाई चोरली, साहेब. म्या केली."

मला हसू आले. ज्यावर विद्वान लेख लिहितात ते काम रांजण करणारा हा म्हातारा करणार? अटक न दाखवता दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवले. हे नियमात बसत नव्हते. एकदा हातही उचलला. आज ते लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "घरी एक कच्चं वाळून पडलंय. आणा. हितंच भाजून दावतो."

ठाण्याच्या मागच्या अंगणात सकाळी त्याने गोवऱ्या रचल्या. घड्यात भुसकट ठासून भरले, घडा तोंड खाली करून पालथा घातला आणि वरून पेटवले. अख्खे ठाणे काम सोडून बघत होते. संध्याकाळी राख बाजूला सारून त्याने घडा सुलटा केला. बाहेरून तांबडा, आतून काळा.

"जुनी बघून समजलं," तो म्हणाला. "आत हवा गेली न्हाई की काळं व्हतंय."

"पण लपवून का ठेवलेस?"

त्याने पंचाने घड्यावरची राख पुसली. मग म्हणाला, "गावात मयत झालं की मडकं म्या द्यायचं, बापजाद्यापासून. भूकंपात लई माणसं गेली साहेब, एकाच सरणावर दहा-दहा. एकालाबी मडकं न्हाई मिळालं. माझी भट्टीच गाडली गेलती. ह्या जुन्या लोकांनी आपल्या माणसांना किती निगुतीनं ठेवलं बघा. म्हटलं, आपणबी करावं, घरटी एक. समदी झाल्यावर गावाला सांगणार व्हतो."

मला त्याच्याकडे बघवेना.

म्हणजे चोर दुसराच होता, आणि शाबूत कुलपाची किल्ली ग्रामसेवकाकडे होती. त्या काळात लातुरात गल्लोगल्ली क्लासचे फलक लागले होते. ज्या सरांच्या क्लासात हुशार मुलांनाही जागा मिळत नव्हती, तिथे ग्रामसेवकाची बेताच्या गुणांची लेक अचानक पहिल्या तुकडीत बसली होती. लेकीला जागा कशी मिळाली, एवढा एक प्रश्न विचारला आणि ग्रामसेवक रडायला लागला. सरांना जुन्या वस्तूंचा शौक होता. किल्ली द्या, प्रवेश घ्या, असा सौदा झाला होता.

सरांच्या कचेरीत, गुणवंतांच्या फोटोंखाली, सहा घडे मांडलेले सापडले. सातवा, टवक्याचा, वाटेत फुटला म्हणाले. "मी जतन करत होतो हो, त्या अडाण्यांना काय किंमत!" मी गुन्ह्याचे कागद तयार केले. वरून फोन आला, सर प्रतिष्ठित आहेत, समज देऊन सोडा. सहा घडे सरकारजमा झाले आणि फाईल मिटली.

कुंभाराला सोडताना त्याने हात जोडले. "एकडाव गावात येऊन सांगा साहेब, म्या चोर न्हाई म्हणून. तुमच्या तोंडनं सांगा."

मी "हो" म्हणालो. आठवड्यात नांदेडला बदली झाली. बंदोबस्त, सभा, मोर्चे यांत ते राहून गेले. राहून गेले कसले, मी गेलो नाही.

आणि आता त्या चोराचे नाव काचेमागे, ‘शोध’ म्हणून! संग्रहालयाला मी पंचनाम्याच्या हकिकतीसह सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले, ‘नोंदी तपासून कळवू.’ अजून तपासताहेत.

मग मी त्या गावी गेलो. कुंभार वारला होता. सून दारात उभी राहिली. मी कोण ते सांगितल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला, पण बसा म्हटले नाही.

"तुम्ही नेलं तवापासून आमच्याकडचं मडकं कुणी घेतलं न्हाई," ती म्हणाली. "चोराच्या हातचं नको म्हणायचे. भट्टी इझली. मामंजी गेले तर त्यांच्या म्होरं धरायचं मडकंबी निलंग्याच्या बाजारातनं आणावं लागलं."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो माणसे उचलली आणि निर्दोष निघाली ती सोडून दिली. सोडले म्हणजे आपले काम संपले, असे मानत आलो. माणसाला न्यायचे भर दुपारी, गावादेखत, आणि सोडायचे ठाण्याच्या मागल्या दाराने, ही कसली रीत?

त्या दिवशी मी पारावर उभा राहिलो आणि दहा-पंधरा माणसांना मोठ्याने सांगितले की तो चोर नव्हता, चूक माझी होती. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. म्हणाला, "हे आम्हाला ठावंच व्हतं साहेब. पण तुम्ही सांगितलं असतं तर आम्हाला त्याच्या दारात जाता आलं असतं."