पाठीचं बिऱ्हाड

येरमाळ्याच्या स्टँडवर मी हमालाला ऐटीत नको म्हटलं आणि ट्रंक स्वतःच एसटीच्या टपावर चढवली. शहरी आयुष्यातली ही माझी पहिली मर्दुमकी! पाठीत चमक भरली. दुष्काळाचं साल, गावात सोसायटी निघाली होती, पाणी निघालं नव्हतं. वडील म्हणाले, "जपून जा." मी पुण्यापर्यंत कण्हत गेलो.

माझ्या पिढीतले तुम्ही काही गावात राहिलात, काही माझ्यासारखे कारखान्याच्या भोंग्यामागं धावलात. पण पाठ नावाचं बिऱ्हाड माझ्याइतकं लाडानं कुणी पोसलं नसेल. एक्स-रे स्वच्छ, तरी दुखणं जाईना. तेल झालं, पट्टा झाला, फळीवर झोपणं झालं. शेवटी वाकणंच बंद केलं. पडलेला रुमाल बायको उचलायची. एसटीचे धक्के नकोत म्हणून गावही वर्षानुवर्षं बंद. सणावारी आईला निरोप एकच: पाठ.

वैतागलेल्या डॉक्टरांनी मला मानसोपचाराच्या बाईंकडं धाडलं. मी भडकलो, "पाठ दुखते माझी, डोकं नाही!"

"दुखणं खरंच आहे," बाई म्हणाल्या. "वाकलात तर काय होईल असं वाटतं?"

"कणा मोडेल."

"आजवर किती वेळा मोडलाय?"

मग त्यांनी काम दिलं: जमिनीवरची काडेपेटी रोज उचलायची, मग तांब्या, मग बादली, आणि मनात धरलेलं भय खरं ठरलं का ते दर वेळी बघायचं. मी काडेपेटी पायाच्या बोटांनी उचलली. बाईंनी ओळखलं. पुन्हा पहिल्यापासून! दुखायचं, पण मोडायचं काही नाही. बादलीपर्यंत पोचता पोचता पावसाळा सरला.

चैत्रात गावच्या येडाई देवीच्या यात्रेला गेलो. तिथं रानातून चुनखडीचे पाच खडे वेचून ढिगावर वाहायचे असतात. सगळं रान वाकलेलं, मी एकटा ताठ. चुलत्यानं माझ्यासाठी खुर्ची आणलेली. रानात खुर्ची!

"तू हुबा ऱ्हा," आई म्हणाली. "तुझ्या वाटणीचं म्या येचते."

मोह लई झाला. पण बाईंनी बजावलं होतं, तुमच्या वतीनं दुसरं कुणी वाकलं की भीती आणखी घट्ट होते. आत्ता हो म्हटलं असतं, तर गावात जन्मभर खुर्चीवरचा पाव्हणा झालो असतो.

"आये, सर जरा!" म्हणून खेकसलो आणि वाकलो. कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. कणा जागेवर होता. पाचही खडे वेचले. वाटलं, आता म्हातारी दृष्ट काढील.

पण ती म्हणाली, "वाकता येतंय की तुला. मंग इतकी वर्सं का आला न्हाईस?"

"पाठ दुखत होती, आये!"

"माजी बी दुखतीया," म्हणत ती पुढच्या खड्याला वाकली.

यावर बाईंनी मला काहीच शिकवलं नव्हतं.

आता दर चैत्राला एसटीत हाडं खिळखिळी करून घेत गावाला जातो. उतरलो की आई विचारते, "दुखतंय का?"

"दुखतंय."

"बरं. मंग त्या म्हशीपुढं पाणी ठिव."

मी चिडतो, कण्हतो, आणि बादली उचलतो. याला मी घर म्हणतो.