राजीनाम्याची बर्फी

"देशपांडे, सीधा बताओ. तुम्हारी एमडी है या गई?"

फोनवर सान्याल होते. मी केबिनचं दार पायाने ढकलून बंद केलं.

"गई," मी म्हणालो. "रिज़ाइन कर दिया."

"पक्का?"

"बिल्कुल."

फरीदाबादमधली आमची कंपनी गाड्यांचे रबर पार्ट बनवायची. मालक एकच कुटुंब, मल्होत्रांचं. तेव्हा दिल्लीभोवती परदेशी भागीदारीतल्या कार कंपन्या नव्याने उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीचं आम्हाला व्हेंडर म्हणून ॲप्रूव्हल हवं होतं. व्हेंडर म्हणजे त्यांना नेमाने पार्ट पुरवणारा कारखाना. सान्याल त्या कंपनीचे परचेस मॅनेजर. मी आमच्याकडे क्वालिटी हेड, पुण्याहून नुकताच आलेला.

एमडी होत्या रेणू मल्होत्रा, संस्थापकांची थोरली सून. नवरा गेल्यावर सासऱ्यांनीच त्यांना खुर्चीवर बसवलं, मग सासरेही गेले. निम्मे शेअर त्यांचे, निम्मे धाकट्या दिराचे, विपिनजींचे. विपिनजींना सगळे 'सर' म्हणत. रेणूजींना गेटवरच्या गार्डपासून अकाउंट्सपर्यंत सगळे 'भाभीजी'. एमडीला भाभीजी म्हणण्यात काही खटकावं, असं तेव्हा मला वाटलं नाही. मीही तेच म्हणायचो.

काम त्यांना येत होतं. एकदा ऐन पाळीत वीज गेली. अशा वेळी साच्यातलं रबर अर्धवट शिजतं, आणि दिसायला ते चांगल्या मालासारखंच असतं. विपिनजी म्हणाले, डिस्पॅच करो, कौन देखता है. भाभीजींनी सगळा माल स्वतः उभं राहून कापून टाकायला लावला. मी मान डोलावली. पण मनात आलं, बाई घाबरली.

त्यानंतर वातावरण बदललं. त्यांच्या केबिनचं दार बंद राहू लागलं. एक वकील येऊ लागले, त्यांच्यासोबत विपिनजींचे मामा. आत चहा गेला की बोलणं थांबायचं. भाभीजींची गाडी दुपारी उशिरा यायची, कधी यायचीच नाही. मला बघून अकाउंट्सचे शर्माजी एकदम हवामानावर बोलायला लागायचे. काहीतरी शिजत होतं, आणि आपल्याला बाहेर ठेवलंय हे मला झोंबत होतं. मी ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधू लागलो.

अशात एका सकाळी शर्माजी जिन्यात भेटले. चेहरा खुललेला.

"चलो जी, शांति हुई. भाभीजी का राज़ीनामा हो गया. दस्तख़त भी हो गए."

मी जिन्यातच थांबलो. म्हणजे बाईंना शेवटी घालवलंच. शर्माजी खूश दिसत होते, त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं: हा विपिनजींचाच माणूस. संशयी डोक्याला पुरावा कमी पडत नाही. वर जाऊन मी बसतो न बसतो तोच सान्यालांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत घरातल्या भांडणाची कुणकुण आधीच पोचली होती.

आता खरं ते लिहितो. राजीनामा ऐकून मला वाईट वाटलं नव्हतं. थोडं बरंच वाटलं होतं. वर एक 'सर' असेल, कस्टमरसमोर सोपं जाईल, हा विचार माझाच होता. म्हणून मी कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाभीजींनी मला बोलावलं. त्या त्यांच्याच खुर्चीवर बसलेल्या. टेबलावर बर्फीचा डबा.

"आइए देशपांडेजी, मुँह मीठा कीजिए. विपिन से राज़ीनामा हो गया."

मी बर्फी हातात धरून उभा. "तो आप... कब जा रही हैं?"

"कहाँ जा रही हूँ?"

"आपने राजीनामा दिया ना."

त्या हसायला लागल्या. "अरे, राज़ीनामा हुआ है, इस्तीफ़ा थोड़े दिया है. समझौता, भाई, समझौता. एक्सपोर्ट वो देखेगा, प्लांट मैं. आपके महाराष्ट्र में राज़ीनामा किसे कहते हैं?"

मी सांगितलं. त्या आणखी हसल्या. "फिर तो अच्छा हुआ आपने किसी से कहा नहीं."

मी बर्फी तोंडात घातली.

केबिनमध्ये येऊन फोन उचलला. सान्यालांना काय सांगायचं? मला हिंदी येत नाही? तुमच्याशी बोललो ते न तपासता बोललो? क्वालिटी हेडने? रिसीव्हर खाली ठेवला. उद्या करू म्हटलं.

तोवर सान्यालांनी विपिनजींना फोन करून अभिनंदन केलं होतं. नव्या एमडींसोबत मीटिंग हवी, असंही म्हणाले. विपिनजींनी चूक दुरुस्त केली नाही. पुढच्या बैठकीत मामांसमोर त्यांनी मुद्दा टाकला: "पार्टी तो मुझी को एमडी मान के चल रही है. भाभी के नाम पे ऑर्डर नहीं आएगा." मामांनी मान हलवली. नातेवाईक आले, बँकेचे लोक आले. 'कंपनी के भले के लिए' हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी. मधल्या काळात मी रोज शॉप फ्लोअरवर होतो, रोज फोनजवळ होतो. शेवटी भाभीजींनी खुर्ची सोडली.

जायच्या दिवशी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या नाहीत.

"सान्याल को आपने कहा था?"

"जी."

"मुझसे पूछ लेते. बीच में एक दीवार ही तो थी."

मी रागाची वाट पाहत होतो. राग आला नाही. त्यांनी माझ्या टेबलावरचा नमुन्याचा एक रबरी बुश उचलला, नखाने दाबून पाहिला, जागेवर ठेवला आणि गेल्या.

ॲप्रूव्हल मिळालं. विपिनजींनी मला प्लांट हेड केलं. मी ते घेतलं.

आमच्या धंद्यात 'सस्पेक्ट लॉट' म्हणून एक प्रकार असतो. चांगला की वाईट हे ठरलेलं नाही, असा माल. त्याला पिवळा टॅग लावून बाजूला ठेवायचं, आणि तपासल्याशिवाय गेटबाहेर सोडायचं नाही. हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. त्यातून चुकून गेलाच, तर कस्टमरला कळवून परत मागवायचा. तसं केल्याने कारखान्याची थोडी नाचक्की होते, एवढंच. माझा लॉट परत मागवायला एक फोन पुरला असता.