लांज्याचं पेट्रोल

आमच्या घरात देवापेक्षा लांज्याच्या पेट्रोलवर जास्त श्रद्धा होती आणि ती वडिलांनी बसवलेली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. रत्नागिरीत तेव्हा खाजगी मोटारी मोजक्याच. वडिलांचा जांभ्याच्या चिऱ्यांचा धंदा, त्यातल्या पायपिटीला कंटाळून त्यांनी एक जुनी फियाट घेतली होती. पेट्रोल पंप घरापासून चालत जाण्याइतका जवळ. पण तिथलं पेट्रोल घातलं की म्हणे इंजिन ठकठकतं, गाडी चढावाला दम टाकते आणि धुराला रॉकेलचा वास येतो. लांज्याच्या पंपावर पाटी दुसऱ्या कंपनीची, म्हणून तिथला माल वेगळा. एकाआड एक रविवारी सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून पेट्रोल भरायला निघत आणि दिवेलागणीला परत येत.

आम्हांला त्यांनी कधी बरोबर नेलं नाही. "माणसं कोंबली की इंजिनावर लोड येतो, मग चांगलं पेट्रोल भरून उपयोग काय?" असं ते म्हणत आणि आम्ही माना डोलवत असू. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, पण त्यांचा जास्त येतो.

शेजारच्या काकू खवचट होत्या. "लांज्याला जाता-येता जळतं ते पेट्रोल कुठून आणता हो?" असं त्या कुंपणावरून विचारायच्या. आई फणकारायची, "त्यातलं तुम्हांला नाही कळायचं." वडील आले की बरोबर बाटलीत भरून आणलेल्या पेट्रोलचा एक थेंब आईच्या तळहातावर टाकत. "बघ, कसं भुर्रकन उडालं. इथलं असं उडत नाही, चिकट राहतं." आई हात नाकाशी नेऊन म्हणायची, "खरंच हो, वासच वेगळा."

तो वास तिला वेगळा यायचाच, कारण लांजा तिचं माहेर. तिथे तिची आई होती, भाऊ होता आणि तिला तिथे जायची बंदी होती.

बंदी घातली होती वडिलांनी. मामाच्या लग्नात मानाचा नारळ आधी धाकट्या जावयाच्या हातात गेला. मोठे जावई मांडवात उभेच राहिले. गडबडीत झालेली चूक होती, आजीने माफीही मागितली. पण वडील भरल्या पंगतीतून उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की आजपासून माझ्या घरचं कुणी या घरचा उंबरठा चढणार नाही. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. पुढे मी कॉलेजात गेले तरी आईने तो शब्द पाळला. गौरीगणपतीत बाकीच्या बायकांचं माहेरपण सुरू झालं की ती नारळ खवत बसायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "यांना नाही आवडत." माहेरचं म्हणून आमच्या घरात जे काही येत होतं ते ते पेट्रोल. त्यासाठी ती काकूंशी भांडायची ते काय इंजिनासाठी?

मग आमच्या मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू आले. तेल कंपनीत अधिकारी होते, जिल्ह्यातले पंप तपासत फिरायचे. आईला केवढा आनंद झाला! काकूंचं तोंड कायमचं बंद करायची संधी चालून आली होती. एका संध्याकाळी तिने काकूंना मुद्दाम चहाला बोलावलं आणि त्यांच्यासमोर साहेबांना विचारलं, "खरं सांगा हं, लांज्याचं पेट्रोल इथल्यापेक्षा चांगलं ना?"

साहेब हसले. "वहिनी, पाटी दोन कंपन्यांची असली तरी पेट्रोल एकाच डेपोतलं. त्या कंपनीची इकडे टाकीच नाही, आमच्याच टाकीतून त्यांचे टँकर भरतात. भेसळ झाली तर गोष्ट वेगळी, पण दोन्ही पंप मी स्वतः तपासलेत. अगदी चोख."

"पण ते थेंब टाकून दाखवतात…"

"दोन्हींचा थेंब सारखाच उडतो." काकूंना हसू आवरेना. आईला वाईट वाटलं असं दिसल्यावर साहेब तिची समजूत घालायला गेले, "अहो, पेट्रोल हे निमित्त असतं. सासरवाडीला जायला कुणाला नको असतं? मागच्या रविवारी पंपाच्या कामाने लांज्याला गेलो, तर तुमच्याकडे राहतो कळल्यावर तुमचे भाऊच मला घरी जेवायला घेऊन गेले. तुमचे यजमान पाटावर बसलेले, तुमच्या आई आग्रह करून घावणे वाढताहेत. असा जावयाचा थाट मी कुठे पाहिला नाही."

काकू हसायच्या थांबल्या. आईने साहेबांना आणखी चहा हवा का विचारलं आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला धरून उभी होती.

वडील घरी आले तेव्हा आईने साहेबांनी सांगितलेलं सगळं त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, मेहुणा एकदा लांज्याच्या बाजारात भेटला, पाया पडला, हात धरून घरी घेऊन गेला. नाही कसं म्हणणार?

"मला का नाही सांगितलंत?" आईने विचारलं.

"चारचौघांत शब्द दिला होता. तो फिरवायचा कसा?"

"आणि तुम्ही स्वतः जात होतात ते?"

"मी पेट्रोलला जात होतो," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे म्हणाले. ते वाक्य मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आई त्यांच्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निऱ्या नीट केल्या, मला म्हणाली "चल" आणि आम्ही एसटीने लांज्याला गेलो. आजी काय म्हणेल याची तिला धास्ती होती. लेकीला एवढ्या वर्षांत येऊ दिलं नाही म्हणून जावयाला शिव्या घालेल, आपल्याला कवटाळून रडेल, असं काहीतरी मीही मनात धरलं होतं.

आजी अंगणात काजू वाळत घालत होती. आईला पाहून ती उठली, पण पुढे आली नाही. जागेवरूनच, भीत भीत तिने विचारलं, "गेला का गो राग तुझा?"

आईला कळेना. "माझा राग?"

"जावईबापू दर वेळी सांगायचे. मी तिला चल चल म्हणतो, तीच तयार होत नाही, त्या नारळाचा राग तिच्या मनातून जात नाही. मी तुझ्यासाठी डबा द्यायची, तोही तू परत पाठवायचीस. मी म्हटलं, माझं चुकलंच आहे, जाईल हळूहळू."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. आईने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. मग ती आजीच्या पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "गेला गो आई. सगळा गेला."