मागच्या सीटवरचे एकोणीस किलोमीटर

नव्वदच्या दशकात आमच्या बंगळूरच्या जयनगरातल्या घरी दोन वाहनं होती, माझी जुनी जड मोटारसायकल आणि बायकोची स्कूटर. तिनं परवाना काढून चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत मी तिच्या मागे एकदाही बसलो नव्हतो. कुणी कारण विचारलं की गुडघा सांगायचो. शेजाऱ्यांनाही तेच सांगून ठेवलं होतं.

कंपनीनं मला यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी थायलंडला धाडलं, तेव्हा शेवटच्या चार दिवसांसाठी मी तिलाही बोलावून घेतलं. निघण्यापूर्वीच दोघांचे आंतरराष्ट्रीय परवाने काढले होते. तिचा आपला, कागद पुरे असावेत म्हणून. तिनं मात्र तो नीट वाचला आणि म्हणाली, "तिथं डोंगरात एकदा मी चालवणार आणि तुम्ही मागं बसणार." मी बघू म्हणालो.

च्यांगमाईहून त्या डोंगरी गावाकडे जाताना बसमध्ये मी वळणं मोजत होतो. चारशे अकरा झाली, तिला मळमळू लागलं आणि मोजणी तिथंच सुटली. गाव अगदी निवांत. सकाळी नऊलाही कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली आणि माणसं त्यांना वळसा घालून जात होती. बंगळूरच्या चिकपेटेतल्या गर्दीतून गेलेल्या माणसाला हे पाहूनच विश्रांती मिळाल्यासारखं वाटतं.

भाड्यानं दुचाकी देणाऱ्या बाईंनी किल्ली आम्हा दोघांच्या मध्ये धरली. मी घेतली. बायको मागे बसली.

गाडी लहान, क्लच नसलेली. गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. माझ्या मोटारसायकलचं बरोबर उलटं, आणि ती मी बावीस वर्षं चालवत होतो. सपाटीवर जमलं. लसणाची शेतं पाहिली, नदीवरचा लोखंडी पूल पाहिला. गरम पाण्याच्या झऱ्यात लोक टोपलीतून अंडी सोडून उकडत होते, तशी आम्हीही घड्याळ लावून बारा मिनिटं उकडली. चढावर असलेल्या धबधब्यापर्यंतही ठीक पोचलो.

घोळ उतारावर झाला. वळणावर दोन म्हशी आडव्या आल्या आणि मी सवयीनं डावा पाय दाबला. ब्रेकऐवजी वरचा गिअर पडला आणि गाडी पुढं सुटली. हाताच्या ब्रेकनं कशीबशी थांबवली, तेव्हा पुढचं चाक म्हशीपासून दोन हातांवर होतं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच झालं, त्यापुढच्यालाही. तिनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

"स्वल्प सवय होऊ दे," मी म्हणालो.

"कुणाची, म्हशींची? तीनदा झालं. आज मीही मोजतेय. माझ्या स्कूटरचा ब्रेक उजव्याच पायाला असतो. उतरा."

"अगं, गुडघा..."

"गुडघा बंगळूरला राहिलाय."

मी उतरलो. तिनं आधी तिथल्या तिथं चारदा गिअर बदलून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला, मगच मला बसायला सांगितलं. सुरुवातीला माझे दोन्ही पाय हवेतच ब्रेक मारत होते. मग लक्षात आलं की ती वळणाच्या आधीच वेग कमी करते, वळणात नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न देते. तिच्या खांद्यावरून मी वेगाचा काटा पाहत होतो. उतारावर तो एकदाही तिसाच्या पुढं गेला नाही. मला दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. शोधलं नाही असं नाही.

खाली एका टेकाडावर तिनं गाडी थांबवली. सगळं खोरं उन्हात पिवळं झालं होतं. हेल्मेट काढून ती खोऱ्याकडे पाहत उभी राहिली आणि मी तिच्याकडे. ही माझी बायको, असं कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण तिथं माझी भाषा समजणारं तीच एक होती. म्हणून तिलाच म्हणालो, "छान चालवतेस."

"चौदा महिने झाले," ती म्हणाली.

गाडी परत देईपर्यंत तिनंच चालवली. धबधब्याच्या उतारापासून दुकानापर्यंत एकोणीस किलोमीटर.

परतल्यावर पहिल्याच रविवारी भाजीला निघताना ती स्कूटरवर बसली आणि मी न सांगता मागे. फाटकाशी उभ्या शेजाऱ्यानं हाक मारली, "काय अण्णा, गुडघा बरा झाला का?"

तिनं स्कूटर सुरूच ठेवली होती. मी म्हटलं, "गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं."