शहापूर ते मुरबाड एवढा देश

युरोपातला एखादा देश केवळ पायी चालून संपतो म्हणून पसंत करणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका आहे. नात्यानं माझे चुलतसासरे. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी सारी नोकरी काढली. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्यावरून ते चालले नाहीत असा बांध सापडायचा नाही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण मोजणी काही पायांतून गेली नाही. लग्नाच्या मांडवात शिरले की हातात अक्षता घेण्याआधी मांडव पावलांनी मोजतात. मला पाहायला ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसलो होतो. काकांनी माझ्याकडे धड बघितलंही नाही. अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा बरा हाय, पन तुमचा कुंपान दोन फूट शेजाऱ्याच्यात हाय." वडील आठवडाभर धुमसत होते. मग त्यांनी कुणाला न सांगता स्वतः मोजलं. दोन फूटच भरलं.

परदेशाचं वेड मूळचं काकूंचं. त्यांना एकदा डोंगरावरचा बर्फ डोळ्यांनी बघायचा होता. काकांनी टूरवाल्याचं रंगीत पत्रक आणलं, चष्मा लावून वाचलं आणि बाजूला ठेवलं. "अकरा दिसांत सहा देश. आमी एका गावाची मोजनी कराय गेलो तरी चार दिस लागायचे. ही काय सहल हाय?" त्यांना पुरा बघून होईल असा देश हवा होता. नकाशावर भिंग फिरवत फिरवत त्यांनी एक दिवस लिख्टनस्टाइन शोधून काढला. लांबी जेमतेम पंचवीस किलोमीटर. शहापूरहून निघालं तर मुरबाड येण्याआधीच देश संपावा. हे नाव उच्चारायला काकूंना आठ दिवस लागले. नंतर त्यांनी नाद सोडला आणि त्या 'आपला देश' म्हणू लागल्या.

मग काकांनी जमिनीचे कागद तपासावेत तशी तयारी सुरू केली. वहीच्या पहिल्या पानावर चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस ऑस्ट्रिया, पश्चिमेस स्वित्झर्लंड. तिथे विमानतळ नाही, उतरायचं स्वित्झर्लंडात आणि व्हिसाही त्यांचाच, हे कळल्यावर त्यांनी कल्याणच्या एजंटला फोन लावला आणि विचारलं, "म्हंजे वाट लगतवाल्याच्या जमिनीतून हाय. तिची नोंद हाय का कुठं? उद्या त्यानं काट्या टाकल्या तर आमी घरी कसा यायचा?" एजंट बिचारा नवीन होता, त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हटलं.

चालण्याचा सराव म्हणून दोघं रोज सकाळी किन्हवलीच्या रस्त्याला लागत. काका पुढे, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. काकू मागे, तसल्याच बुटांत आणि नऊवारीत. रस्त्यात कुणी विचारलं कुठं निघाले, तर काका सरळ देशाचं नाव सांगत. एकदा मीही गेलो होतो. दोन तास झाले, ऊन चढलं, तरी काका पावलं मोजतच होते. काकू दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "जावयबापू, ह्यांना इचारा, राजधानीत चा मिलतो का. नायतर मी हितूनच मागारी जाते."

घोडं पुढे अडलं ते एका कागदापाशी. एजंटने मालमत्तेचा पुरावा म्हणून सातबारा मागितला. काकांचा सातबारा सामायिक. वाटणी झाली ती घरातल्या घरात, कागदावर भावा-बहिणींची, चुलत्यांची मिळून अकरा नावं. काकांनी ठरवलं की असा सातबारा दाखवायचा तर सर्व हिस्सेदारांची संमती हवीच. स्टॅम्पपेपरवर त्यांनी स्वतः मजकूर लिहिला: आमचे सहहिस्सेदार सपत्नीक परदेश पाहण्यास जात असून त्यास आमची कोणतीही हरकत नाही. बहिणींनी हसत सह्या केल्या. गावाकडच्या चुलतभावाने भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजता भाजता राखेच्या हाताने केली. आठ दिवसांत काका सोडून नऊ नावं झाली, आणि एक उरलं. ते धाकट्या भावाचं, मुरबाडचं.

बारा वर्षांपूर्वी दोघा भावांच्या शेतांमधला बांध हातभर सरकल्याचा काकांना संशय आला. धाकट्याला न बोलावता, एकटेच जाऊन त्यांनी तो टेप लावून मोजला. हातभर जमिनीचं धाकट्याला काही वाटलं नाही. भावाने आपल्याला टेप लावली, हे लागलं. तेव्हापासून बोलणं बंद.

मुरबाडला निघायच्या आदल्या दिवशी मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, "संमतीपत्र? असलं काही लागत नाही हो." मी काकांकडे सांगायला गेलो, तर ते न्हाव्याकडून दाढी करून आले होते आणि उद्याच्या सदऱ्याला स्वतः इस्त्री करत होते. मी चहा पिऊन परत आलो.

धाकटे काका पडवीत वाल निवडत बसले होते. आमचे काका अंगणाच्या कडेला उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एखाद्या अंगणात पावलं न मोजता उभं राहिलेलं पाहिलं. मीच कागद पुढे केला. धाकट्यांनी तो बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

"केवढा हाय ह्यो देस?"

"आपल्या घरून निघालास," काका म्हणाले, "तर तुज्या दाराच्या जरा अलीकडं संपतो."

"मंग हित यायला बारा वर्सा कशी लागली तुला?"

काकांनी वहाणा काढल्या आणि ते पडवीच्या पायरीवर टेकले. म्हणाले, "ती टेप जुनी व्हती, रे. ताणली व्हती. तुजा बांध बरोबर हाय."

मला माहीत होतं की ती टेप नवी कोरी होती. धाकट्यांनाही माहीत असावं. त्यांनी सही केली, सूप बाजूला सारलं आणि आत बघून म्हणाले, "भाऊ आलाय गो, चा टाक."

कल्याणला एजंटने बाकीचे कागद ठेवून घेतले आणि संमतीपत्र तसंच परत दिलं. जिना उतरताना काका म्हणाले, "तो म्हनतो ह्याची गरजच नव्हती. तुमाला ठाव व्हता का, जावयबापू?"

"नाही," मी म्हटलं.

"बरा झाला. मला पन नव्हता."

सारा जन्म जमिनीच्या कागदांत गेलेला माणूस हे सांगत होता. मला हसू आलं.

सध्या दोघं 'आपल्या देशात' आहेत. काकूंना बर्फ दिसला, हातात घेतला, फार थंड निघाला. शहापूरच्या घराची किल्ली धाकट्या काकांकडे आहे, घर सांभाळायला ते तिथेच राहायला आलेत आणि रोज संध्याकाळी मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला जातो. काल त्यांनी विचारलं, देश संपत आला असंल ना आता. मी म्हटलं, हो, परवा येतील. ते पायरीवर सरकून मला जागा करत म्हणाले, "जरा मोठा देस धरायला पायजे व्हता त्यानं. मला हित अजून राहावासा वाटतो."